तेरेदेसाई मॅडम आणि माझं उजवं हृदय

तेरेदेसाई मॅडम स्वतःच्या हातावर शिकवायच्या. भुवया कोरायची काळी पेन्सिल त्यांच्या पर्समध्ये कायम असे, पण ती भुवयांना लागलेली मी कधी पाहिली नाही. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत त्या धमन्या, स्नायू, नसा काढत जायच्या आणि तास संपला की हात न धुता तशाच घरी निघायच्या. एकदा बसमध्ये भाईंदरजवळच्या मोरवा गावच्या एका मावशींनी त्यांचा हात धरला. "काय गो बाय, ह्ये गोंदून घेतलंस?"

"गोंदलं नाही मावशी, घरी गेले की पुसेन. इथं बोट ठेवा, नाडी लागते बघा."

मॅडमचा स्टॉप येईपर्यंत मावशींना स्वतःची नाडी सापडली होती आणि त्या शेजारणीची शोधत होत्या.

मुंबईतल्या एका मोठ्या मेडिकल कॉलेजात मॅडमनी उभी हयात शरीररचना शिकवली. निवृत्तीनंतर मीरा रोडला राहायला आल्या, घरी बसवेना म्हणून आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकवू लागल्या. पुढं त्या बेळगावला भावाकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. मी सांगतेय ते त्याच्या बरंच आधीचं, दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं.

आमचं स्कूल मीरा रोडलाच, हाटकेश भागात एका इमारतीच्या मधल्या दोन मजल्यांवर होतं. खाली स्टीलचे डबे ठोकणारा गाळा. वर्गात प्लास्टिकचा एक सांगाडा होता, पण मॅडम त्याच्याकडं ढुंकून बघत नसत. "एवढे जिवंत सांगाडे समोर बसलेत, त्याला कशाला उठवू?" आम्ही बहुतेक मुली मराठी नाहीतर उर्दू शाळेतल्या. लॅटिन नावं तोंडात बसायची नाहीत, डोळ्यांत पाणी यायचं. मॅडम म्हणायच्या, "नाव विसरलं तर पुस्तकात सापडतं. जागा विसरली तर पेशंट भोगतो. आधी जागा."

मी भाईंदरच्या खारी गावात राहायचे. पप्पा परभणीहून आलेले, एका सरकारी ऑफिसात शिपाई. मुलगी नर्स होणार, हे त्यांनी विहारात सगळ्यांना कधीच सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी हृदयाचा तास होता. दोघी-दोघींनी जोडी करायची, डाव्या छातीखाली बरगड्यांच्या मधे बोटं ठेवायची आणि ठोका शोधायचा. माझी जोडीदार शबाना. तिचा ठोका मला लगेच मिळाला. माझा तिला मिळेना. तिनं स्टेथोस्कोप लावला, जागा बदलली, आणि मोठ्यानं म्हणाली, "अरे वंदना, तेरा दिल किधर है?"

वर्ग खो-खो हसला. मॅडम आल्या. त्यांनी डावीकडं बोटं ठेवली, थांबल्या. मग तीच बोटं उजवीकडं नेली आणि तिथं जरा जास्त वेळ थांबल्या. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "शबाना, तुझं काही चुकलेलं नाही," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या जोडीकडं गेल्या.

तास सुटल्यावर मला थांबवून घेतलं. "तुझं हृदय उजवीकडं आहे. बहुतेक पोटातलं सगळंच उलट असेल, आरशात बघितल्यासारखं. फोटो काढून खात्री करू."

मी विचारलं, "मॅडम, मी जगेन ना?"

"आजवर काय करत होतीस?"

एक्स-रे, सोनोग्राफी झाली. मॅडमचं बरोबर निघालं. यकृत डावीकडं, जठर उजवीकडं, सगळं धडधाकट. हृदयाच्या डॉक्टरांनीही काही धोका नाही म्हणून लिहून दिलं. तरी घरी आईनं चूलच पेटवली नाही. "कुणाला सांगू नका," एवढं एकच तिचं चाललं होतं. "हिला कोण करून घेईल?"

बातमी संस्थेच्या ऑफिसात पोचली. ट्रस्टी रसिकभाईंनी पप्पांना आणि मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "देखो भाई, नर्सिंग में रात-दिन खडा रहना पडता है. कल को लडकी को कुछ हो गया, तो जिम्मेदारी किसकी? आप नाम वापस ले लो." पप्पा ऑफिसच्या खाकी कपड्यांतच आले होते. त्यांनी मान डोलावली. साहेबासमोर मान डोलवायची त्यांना सवय होती.

तेवढ्यात मॅडम आत आल्या. बसल्या नाहीत. "रसिकभाई, चला, आपण तिघं गच्चीवर जाऊन येऊ. तुम्ही, मी आणि वंदना. जिन्यानं."

"अरे बेन, अत्यारे?"

"आत्ताच. खडा रहना पडता है म्हणालात ना? चढून बघू."

निघालो. पुढं मी, मागं मॅडम, त्यांच्या मागं रसिकभाई. गच्चीच्या दारात पोचलो तेव्हा रसिकभाई कठड्याला धरून उभे होते, शर्ट पाठीला चिकटलेला. मॅडमही धापा टाकत होत्या, पण त्यांनी एका हातात माझं मनगट घेतलं, दुसऱ्या हातात रसिकभाईंचं. घड्याळाकडं बघितलं.

"शेठ, तुमचं हृदय अगदी जागेवर आहे, डावीकडं. तरी तुम्ही आता खाली बसा. ही उभी राहील."

रसिकभाई खरंच बसले. श्वास परत आल्यावर हसायलाही लागले. "बेन, तमारी वात बराबर छे. छोकरी भले भणे." मला शिकू द्यायला ते तयार झाले. खाली येऊन मॅडमनी पप्पांना सांगितलं, "तुम्ही ड्यूटीवर जा. ही कुठंही जात नाहीये."

दर रविवारी मॅडमच्या घरी मुंबईहून एमडीचे, एमएस्सीचे विद्यार्थी अडलेलं विचारायला येत. आमची परीक्षा झाल्यावर एक दिवस मॅडमनी मला बाजूला घेतलं. "त्या मुलांनी अशी केस फक्त चित्रात बघितलीय. तू येशील? मी विचारतेय, सांगत नाहीये. शरीर तुझं आहे. नाही म्हणालीस तरी तू माझी विद्यार्थिनी आहेसच."

आई नको म्हणाली. मी आठवडाभर विचार केला. मला स्वतःचीच चीड यायला लागली होती, बाहेर खोकलासुद्धा दाबून खोकायचे, जणू कुणी छातीकडं बघेल. शेवटी मॅडमना म्हटलं, "येते. पण मी नुसती बसणार नाही. मी शिकवीन. तुम्ही मागं बसा."

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तयारी करून ये," म्हणाल्या.

त्या रविवारी हॉलमध्ये सतरंजीवर ते सगळे होणारे डॉक्टर बसले होते आणि मॅडम स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर. मी उभी राहिले. पहिली दोन वाक्यं इंग्रजीत बोलले, तिसऱ्याला अडले. मॅडमकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग मी मराठीत सुरू केलं. हृदय कुठं, यकृत कुठं, माझं अपेंडिक्स दुखलं तर कुठं दुखेल, माझा ईसीजी काढताना तारा कुठं लावायच्या. मुली एकेक करून उठल्या, मला विचारून त्यांनी स्टेथोस्कोप ठेवला. मुलं प्रश्न विचारत होती. एकजण मला "मॅडम" म्हणाला. मागं वळून बघावंसं वाटलं, पण तो माझ्याशीच बोलत होता.

संपता संपता बेल वाजली. पप्पा मला न्यायला आले होते. एवढे लोक बघून दारातच चपला काढून उभे राहिले. मॅडमनी त्यांना हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि स्टेथोस्कोप त्यांच्या कानात घातला.

"मॅडम, ह्यातलं मला काही कळत न्हाई ओ."

"कळायचं काही नाही. ऐकायचंय."

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि स्टेथोस्कोपचं दुसरं टोक ओढणीवरून छातीला लावलं, उजवीकडं. पप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी नळ्या कानांतून काढल्या, नीट गुंडाळून मॅडमच्या हातात दिल्या.

"चांगलं चाललंय की," ते म्हणाले. "पाव्हण्यांना आता मीच सांगतो, उजवीकडं हाय म्हणून. ज्याला चालंल त्यानं यावं." मग जरा थांबून म्हणाले, "लेकराचं पयल्यांदाच ऐकलं, मॅडम."

तेरेदेसाई मॅडम चहा टाकायला म्हणून आत गेल्या आणि चहा उतू गेला तरी बाहेर आल्या नाहीत.