वाचणारा एकच

सातवीत शाळा सोडून मी जालन्याहून बोईसरला कामाला आलो. ब्लॉगवर प्रार्थना लिहायचो आणि वाचणारे किती, ते सारखं बघायचो. एका रविवारी चर्चमधून परतताना रिक्षात शेजारच्या कोळीण आजीने, गळ्यातला क्रूस चाचपत, मोबाइलात डोकावलं.

"मासळीचा भाव बगतो काय रे?"

"वाचणारे मोजतो, आजी. आज एकच. बंदच करणार आता."

"येशूच्या गोष्टीतला मेंडपाळ हरवलेल्या एका मेंडरासाटीच रानात गेलता ना? तुजा एक कोण हाय?"

"माहीत नाही."

"मग मोजतो कशाला? त्याच्यासाटी माग काय तरी."

देव तिचं भलं करो, मला गोंधळात टाकून ती उतरली. अनोळखी माणसासाठी मागायचं काय? शेवटी लिहिलं, "प्रभू, हे वाचणारा आज उपाशी झोपू नये."

आकडा बघायला हात अजून शिवशिवतो.