दिदांचं डिक्लरेशन

मशीनने शेवटी होकार दिला आणि दिदांनी नकार दिला.

त्याआधीचा बराच वेळ दिदांच्या बोटांत गेला होता. हल्ली लग्न नोंदवताना साक्षीदारांचेही ठसे मशीनवर घ्यावे लागतात. नव्वदी उलटलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात, आणि मशीनला त्याचं काही सोयरसुतक नसतं. अंगठा झाला, तर्जनी झाली, ओल्या रुमालाने पुसून झालं, मी माझी हाताची क्रीमही लावून पाहिली. अखेर करंगळीच्या शेजारचं बोट लागू पडलं. बाहेर बाकावर पुढचं जोडपं ताटकळत होतं. मी घाईघाईने म्हटलं, "चला, आता दोघांनी डिक्लरेशन वाचून सही करायची. मग साक्षीदार."

दिदांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि काठी शोधायला लागल्या.

"हे मी पोरीच्या तोंडून ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. "मला घरी न्या."

मी मॅरेज ऑफिसर आहे. कोलकात्यात ही मंडळी गल्लोगल्ली असतात. सरकार आम्हाला लग्न लावायचा आणि नोंदवायचा अधिकार देतं, आम्ही घरातच ऑफिस थाटतो. माझी पाटी बालीगंजला आमच्याच घराच्या तळमजल्यावर आहे, एका बाजूला होमिओपॅथ आणि दुसऱ्या बाजूला मिठाईवाला. आमच्या तीन पिढ्या इथेच गेल्या. माझं मराठी घरात आणि मंडळाच्या गणपतीत वापरलं जातं, तरी शाबूत आहे. त्यामुळे बदलीवर आलेली मराठी माणसं घरचं लग्न निघालं की माझ्याकडे येतात. सौरभ तसाच आला होता. बँकेत ऑफिसर, मूळचा नाशिकचा. पियाली इथलीच, शाळेत शिकवणारी. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले, आईच्या आईने, म्हणजे दिदांनी, तिला वाढवलं. तिच्या बाजूने त्या एकट्याच आल्या होत्या.

मी लावते ती लग्नं स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लागतात. या कायद्याला तुमची जात नको, धर्म नको, भटजी नको, काझी नको. महिनाभर आधी नोटीस द्यायची. नंतर माझ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना एकच वाक्य म्हणायचं, मी तुला माझा कायदेशीर नवरा किंवा बायको म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. त्याच्या जोडीला हवा तो विधी करा, कायद्याची हरकत नाही. सौरभच्या आईंनी नाशिकहून फोन करून मला दोन मंगलाष्टकांची परवानगी मागितली होती. मी म्हटलं होतं, खुशाल म्हणा, फक्त अक्षता कीबोर्डवर टाकू नका.

दिदा उठल्या तशी पियाली रडवेली झाली. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की महिनाभर घरात हेच चाललंय. दिदांचा सौरभला विरोध नव्हता. उलट त्या म्हणत होत्या, सौरभच्या घरच्यांच्या पद्धतीने हार घालून, अग्नीभोवती फिरून लग्न कर, पण रजिस्ट्री नको. हे कोणाला कळेना. कारण दिदांचं स्वतःचं लग्न रजिस्ट्रीच होतं. त्या बागबाजारच्या हिंदू घरातल्या, आजोबा ख्रिस्ती. शिवाय दिदा पक्क्या नास्तिक. कधी देवळात नाहीत, कधी प्रसाद नाही. दुर्गापूजेतल्या अष्टमीला सगळी गल्ली मंडपात अंजली द्यायला, म्हणजे मंत्र म्हणून देवीला फुलं वाहायला जायची, तेव्हा दिदा मंडपाच्या बांबूला धरून बाहेर उभ्या. आम्ही सगळे समजत होतो दिदा कम्युनिस्ट, पियाली म्हणाली. ही समजूत फक्त याच शहरात होऊ शकते. दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्याने तरी विचारलं असतं की बाई, तुम्ही आत का येत नाही? इथे कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या हिशोबाने प्रश्न साधा होता. साक्षीदार बदलता येतो. बाहेरच्या बाकावर दोन होते, मिठाईवालाही दुकान सोडून येतो, पूर्वी आलेला आहे. मी तसं सुचवलं. पियालीने मान हलवली. "दिदा नसेल तर आज लग्न नाही," ती म्हणाली. सौरभचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला की तिचं बरोबर आहे. त्याच्या आईंनी हातातली अक्षतांची वाटी घट्ट धरली. त्यांना बंगालीतलं अक्षर कळत नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं.

मग मी खुर्ची ओढून दिदांसमोर बसले. आमचं बोलणं बंगालीत झालं, इथे मराठीत देते; फक्त 'माशीमा', म्हणजे मावशी, तसंच ठेवते.

"माशीमा, काय ऐकायचं नाहीये तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गातल्या ढ मुलीकडे पाहतात. त्या आयुष्यभर गणित शिकवत होत्या हे मला नंतर कळलं.

"तुम्ही हे काम करता आणि मला विचारता?" त्या म्हणाल्या. आणि त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. इंग्रजीत, न अडखळता. मी ख्रिस्ती धर्म मानत नाही, हिंदू मानत नाही, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख, जैन, कुठलाच मानत नाही.

हे वाक्य मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. म्हणणारं माणूस कधी पाहिलं नव्हतं.

इंग्रजांच्या काळचा एक जुना कायदा होता. दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांना आपापला धर्म ठेवून लग्न करायचं असेल, तर त्या कायद्यात जागा नव्हती. आधी दोघांनी लिहून द्यायचं की आम्ही यातला कुठलाच धर्म मानत नाही. मग लग्न. खोटं लिहिलं तर गुन्हा. दिदा एकविसावं पूर्ण व्हायची वाट पाहत थांबल्या होत्या, कारण त्याआधी वडिलांची संमती लागायची आणि ती मिळणार नव्हती. मग एके दिवशी दोघं जाऊन सही करून आले.

"रजिस्ट्रारबाबूंनी बजावून सांगितलं, खोटं असेल तर शिक्षा आहे," दिदा म्हणाल्या. "मी सकाळीच ठाकुरघरात, देवांपुढे फुलं ठेवून निघाले होते. म्हणजे सही केली तेव्हा ते खोटंच होतं. मग म्हटलं, यापुढे तरी खरं करून दाखवू."

आणि त्यांनी करून दाखवलं. सत्तर वर्षं. सही केली त्या दिवसापासून दिवा नाही, उपास नाही, अंजली नाही. त्यांचे यजमानही चर्चची पायरी चढले नाहीत. नाताळात घरी केक यायचा, प्रार्थना व्हायची नाही. ते गेले तेव्हा त्यांची बहीण बायबल घेऊन आली होती. दिदांनी तिला वाचू दिलं नाही. "त्यानेही सही केली होती," त्या म्हणाल्या. "मनातून देव काही जात नव्हता. दोघांच्याही. पण मनातलं सरकारला कुठे दिसतं? आम्ही जेवढं दिसतं तेवढं पाळलं." मुलीच्या, म्हणजे पियालीच्या आईच्या, रजिस्ट्रीच्या दिवशी त्या आजारी पडल्या होत्या, त्या आजाराचा अर्थही आता पियालीला लागला. ती दिदांच्या पायाशी जमिनीवर बसली.

मी वकील आहे. त्या काळी अनेकांनी अशी सही केली असेल आणि दुसऱ्या दिवशी देवापुढे उदबत्ती लावली असेल. जुन्या कायद्यानेही लग्नानंतर पूजा करायला बंदी केलेली नव्हती. मी हे दिदांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही वकील. असंच म्हणणार." सरकारचा कागद इतका खरा मानणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. मी स्वतः सरकारच्या वतीने सह्या घेते, तरीही.

आता पुढचं सांगणं भाग होतं. बातमी चांगली होती. पण ती सत्तर वर्षं उशिरा पोहोचत होती.

मी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या संसदेने तो जुना कायदा रद्द केला आणि नवा केला, तोच मी वापरते. त्यात धर्म सोडल्याचं वाक्य नाही. डिक्लरेशन अजून आहे, पण त्यात फक्त एवढंच, की माझं आधीचं लग्न कायम नाही, वय इतकं आहे, आमचं जवळचं नातं नाही, आणि मी खोटं लिहिलं तर शिक्षेला पात्र आहे. मी सौरभ-पियालीचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मागची बाजूही पाहिली.

मग मी शेवटचं कलम काढलं. कायदा रद्द करताना मागचं काय करायचं, हे शेवटी लिहिलेलं असतं. तिथे आहे की जुन्या कायद्याखाली लागलेली लग्नं या नव्या कायद्याखालीच लागली असं मानलं जाईल. आमच्या भाषेत याला 'डीम्ड' म्हणतात. झालं एका तऱ्हेने, पण कायदा म्हणतो की आम्ही ते दुसऱ्या तऱ्हेने झालं असं धरतो, आणि मग ते तसंच धरायचं.

"म्हणजे माझं लग्न याच कायद्यातलं?"

"कायद्याच्या लेखी, हो. पियालीचं लागणार तेच."

"हे कधी झालं?"

"तुमच्या लग्नानंतर वर्षभरातच कायदा झाला, माशीमा."

दिदांनी ते कलम स्वतः एकदा वाचलं. मला वाटलं आता कोसळतील. मीच रडायच्या बेतात होते. पण त्यांनी पुस्तक मिटलं आणि गणिताच्या बाईंसारखा पुढचा प्रश्न विचारला. "हे बदलणारे कोण होते? देव न मानणारे?"

मला कॉलेजात वाचलेली घटना समितीची चर्चा आठवली. मी सांगितलं की नाही, बहुतेक जण मानणारे होते. रोज पूजा करणारे होते, नमाज पढणारे होते. घटनेची सुरुवात परमेश्वराच्या नावाने करावी, अशी सूचनाही तिथे आली होती, आणि ती मांडणारा माणूस मनापासून मांडत होता. विरोध करणाऱ्यांतले एक जण म्हणाले होते की मी स्वतः देव मानतो, पण श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नको. तुमच्यासारखंच बंगाली आडनाव असलेल्या एका बाईंनी विनवलं होतं की देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका. तरी मतदान झालं. देवाचं नाव घटनेच्या सुरुवातीला आलं नाही. त्यातलेच बरेच जण पुढे तुमचा कायदा बदलणाऱ्या संसदेत होते.

"आणि मग घरी जाऊन पूजा केली असेल," दिदा म्हणाल्या.

"केलीच असेल."

त्या स्वतःशीच हसल्या. "मला वाटायचं सरकारने देवाला दाराबाहेर काढलंय, म्हणून मीही बाहेर उभी राहिले. यांनी तर सरकारलाच देवघराच्या दाराबाहेर उभं केलं."

मी हा कायदा इतकी वर्षं वापरते. परीक्षेत त्यावर उत्तरं लिहिली आहेत, नव्या मॅरेज ऑफिसरांना व्याख्यानं दिली आहेत. ज्यांनी तो केला ती माणसं किती मोठी होती, हे मला त्या क्षणी कळलं. स्वतःचा देव घट्ट धरून दुसऱ्याला मोकळं ठेवायचं, हे सोपं नाही. मला तर माझ्या सुनेचं उपास न करणंही खपत नाही.

दिदांनी पेन मागितलं. पियालीने वाक्य म्हटलं, सौरभने म्हटलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या. दिदांची सही फळ्यावर लिहावी तशी मोठी आणि सुटी. मग सौरभच्या आई उठल्या आणि अक्षता वाटायला लागल्या. दिदांपाशी येऊन त्या घुटमळल्या. या नास्तिक आहेत, असं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. त्या नम्रपणे हसून पुढे सरकल्या.

दिदांनी दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली. "आमाके?" मला?

सौरभच्या आईंना तेवढं बंगाली कळलं. त्यांनी वाटीतल्या उरलेल्या सगळ्या अक्षता त्या ओंजळीत ओतल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला आम्ही थोड्या थोड्या टाकत होतो. दिदांनी एकही दाणा टाकला नाही. डोळे मिटून, ओंजळ छातीशी धरून, अंजली देताना उभं राहतात तशा त्या उभ्या होत्या. ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. ते माझ्या कक्षेतलं नव्हतं. शेवटच्या 'सावधान'ला त्यांनी डोळे उघडले आणि सगळी ओंजळ पोरीच्या डोक्यावर रिकामी केली. निम्म्या अक्षता कीबोर्डमध्ये गेल्या.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "नवाबाच्या काळी तुम्हा मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला आमच्या बागबाजारपासून खंदक खणला होता," त्या म्हणाल्या. "काही उपयोग झाला नाही. नात नेलीतच."

त्या वर्षी अष्टमीला पियालीचा फोन आला. दिदा मंडपात पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या आणि भटजी मंत्र फार भरभर म्हणतो म्हणून त्याच्यावर चिडल्या होत्या. दुपारी त्यांनी नणंद तेव्हा ठेवून गेली होती ते जुनं बायबल काढायला लावलं आणि यजमानांच्या फोटोसमोर एक पान मोठ्याने वाचून घेतलं.

कायदा बदलला की तो गॅझेटमध्ये छापतात. ज्यांच्यासाठी बदलला त्यांना जाऊन सांगायची जबाबदारी कुठल्याच कलमात नाही. तेव्हापासून डिक्लरेशन पुढे करायच्या आधी मी सगळ्यांना, साक्षीदारांनाही, मोठ्याने सांगते की इथे कोणाला काही सोडावं लागत नाही. बहुतेक जण फोनमध्ये डोकं घालून बसलेले असतात. तरी सांगते.