दुसऱ्या धारेच्या आत

अटकेची इतकी जय्यत तयारी करून ठेवलेला आणि तरीही जन्मात एकदासुद्धा अटक न झालेला माणूस आमच्या मामांशिवाय अख्ख्या माणदेशात दुसरा झाला नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मुंबईच्या एका कोर्टात तीस वर्षं पट्टेवाला होते. दाराशी उभं राहून पुकारा करता करता त्यांनी जेवढा कायदा ऐकला, तेवढा काही वकिलांनी वाचलाही नसेल. बेचाळीस साली आमच्याकडचा निम्मा जिल्हा तुरुंगात जाऊन आला, तेव्हा मामा मुंबईत साहेबांच्या पेल्यात पाणी ओतत होते. ती रुखरुख त्यांना कायम राहिली. महायुद्ध संपल्यावर ते पेन्शनीवर गावी आले ते खाकी पिशवी घेऊनच. पिशवीत घोंगडीचा तुकडा, राखुंडीची पुडी, जुनं धोतर आणि तंबाखू. कधी धरतील नेम नाही, म्हणून ती लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांच्या मांडीखाली असे. एकदा आठवडी बाजारात एक पोलीस सरळ त्यांच्याकडे चालत आला. मामांनी पिशवी खांद्याला लावली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "कशापायी धरताय, ते आधी सांगा." पोलिसाला चुना हवा होता. तो घेऊन तो गेला, आणि मामांनी पिशवी खांद्यावरून खाली उतरवली.

आपल्या नशिबी अटक नाही, तर निदान गावाला शिकवावं, असं त्यांनी मनावर घेतलं. गरज होतीच. आमच्याकडे सरकारी कागद दिसला की माणूस आधी अंगठा पुढे करायचा आणि कागद कसला ते घरी जाताना विचारायचा. न दिलेला बरा दिसत नाही, एवढ्याच समजुतीनं द्यायचा. मॅट्रिक नापास होऊन मी तेव्हा घरीच बसलो होतो, त्यामुळे या शाळेचा एकही तास माझा बुडला नाही. संध्याकाळी पारावर मामा जुना बिल्ला लावून स्वतः फौजदार व्हायचे, येईल त्याचं मनगट धरायचे आणि दरडावायचे. समोरच्यानं कारण विचारायचं, अंगठा मुठीत दाबून धरायचा आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा म्हणायचं. आत्या दारातून म्हणायची, "घरात मातूर ह्येंची जबानी कवाच पुरी हुईत न्हाई."

मामांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आलेला बिरा धनगर आणि त्याची बायको सखू हेही येऊन बसत. बिरानं एकदा विचारलं, "आवं मामा, आमच्यात घड्याळ न्हाई. चोवीस तास म्हंजी शेळ्यांच्या किती धारा?"

मामा विचारात पडले. कोर्टात हा मुद्दा कधी निघाला नव्हता. शेवटी म्हणाले, "सकाळच्या धारंला धरलं, तर सांजची पयली. दुसऱ्या दिशी सकाळची दुसरी. दुसरी निघाली की मुदत सपली."

महिन्याभरातच एका सकाळी धार काढून होते न होते तोच पोलीस बिराला घेऊन गेले. एका बागाईतदाराची मेंढरं चोरल्याचा आळ होता. फौजदारानं आधीच लिहून ठेवलेला कबुलीचा कागद पुढे केला आणि अंगठा ठेवून घरी जा म्हणाला. अंगठा ठेवला असता तर बिराची चाळीस मेंढरं गेली असती, आणि मेंढरांखेरीज त्या दोघांचं जगात काही नव्हतं. बिरानं मूठ वळली. दोन थोबाडीत बसल्या, पण ती उघडली नाही.

मामा पिशवी घेऊन ठाण्याकडे निघाले. मीही मागोमाग गेलो. अशा ऐटीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ते आत शिरले, छाती काढली आणि तोंड उघडणार, एवढ्यात फौजदार मान वर न करताच खेकसला, "पाणी आण रे."

मामांनी पाणी आणलं. तीस वर्षांची सवय, पाय आपोआप वळले. पेला टेबलावर ठेवून, दोन पावलं मागे सरून ते हात बांधून पुढच्या हुकमाची वाट पाहत उभे राहिले. मग बाहेर येऊन पायरीवर बसले. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

संध्याकाळी सखू आली. दुधाची चरवी तिनं पायरीवर ठेवली, म्हणाली, "ही पयली," आणि गेली. सकाळी आली ती पायरीशी थांबलीच नाही. थेट आत जाऊन तिनं फेसाळती चरवी फौजदाराच्या त्या कागदावरच ठेवली.

"काल धार काढल्याव न्हेलंसा. ही दुसरी हाय, दूध अजून ऊन हाय. मुदत सपली. मालकास्नी म्याजिस्ट्रेटपुढं उभं करा, न्हाईतर ही चरवी घिऊन मीच जाती."

मामलेदार तेच मॅजिस्ट्रेट, आणि कचेरी समोरच. फौजदारानं चरवीकडे पाहिलं, खिडकीतून कचेरीकडे पाहिलं आणि टोपी घातली. मामलेदारांनी विचारलं, पुरावा काय? पुरावा नव्हता. चाळीसही मेंढरांच्या कानांना बिराचीच खूण होती. तासाभरात बिरा सुटला.

बाहेर अर्धं गाव जमलं होतं. बिरा सरळ मामांपुढे आला, उजवी मूठ अजून तशीच. "मामा, आता उघडू का?"

"उघड रं गड्या," मामा म्हणाले. बोटं आखडली होती, ती मामांनीच एकेक करून सोडवली. मग पुराव्याचं दूध सगळ्यांनी घोटघोट प्यायलं आणि हलगी वाजवत बिराला मेंढरांच्या तळापर्यंत नेलं. त्या दिवसापासून आमच्या गावात कागद वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा मुठीतून निघाला नाही. परतताना मामा मला हळूच म्हणाले, "म्या निस्तं ऐकलं रं तीस वर्सं. बोलली ती."

त्यांना कधीच कुणी धरलं नाही. काही वर्षांनी एका पहाटे झोपेतच गेले; पिशवी उशाशी तशीच भरलेली. सकाळी सखू चरवी घेऊन आली, पायरीवर आत्याजवळ बसली. मग पदरानं डोळे पुसून तिनं आत्याला विचारलं, "आत्याबाई, कशापायी न्हेलं, ह्ये मामांनी इचारलं का न्हाई?"

आत्या म्हणाली, "इचारलं आसंल. पर ह्या खेपंला बी पाणीच मागितलं आसंल कुणीतरी."