युकुलेलेवरचा निषाद

माघातलं कोवळं ऊन आमच्या गॅलरीत उतरतं तेव्हा त्याला निफाडहून आलेल्या द्राक्षांचा आंबटगोड वास असतो. हे खुर्चीवर आणि मी खाली सतरंजीवर, अशी आमची बैठक या हिवाळ्यात रोज सकाळी त्याच उन्हात भरत असे. ओझरच्या कारखान्यात उभी हयात फिटर म्हणून काढलेल्या, भजनात तल्लीन होऊन पेटी वाजवणाऱ्या माझ्या नवऱ्याची वाचा दिवाळीनंतर पक्षाघाताने गेली होती. चालणं-फिरणं सावरलं, समजतही सगळं होतं; शब्द मात्र ओठांशी येऊन विरून जात.

घरातली ती निःशब्दता मला सोसवेना. नोकरीसाठी बंगळुरूला गेलेल्या लेकीचं युकुलेले, गिटारचं ते चार तारांचं धाकटं भावंड, कपाटावर धूळ खात पडलं होतं. ती फोनवर म्हणाली, "आई, घे गं ते वाजवायला. बोटं दुखतील, पण सोडू नकोस."

बोटं दुखली. पहिली कॉर्ड, एकदम छेडायच्या सुरांची जुडी, एकाच बोटाची, सोपी. पण तिच्यावरून तीन बोटांच्या कॉर्डवर जाताना हात असा अडखळे, की मधल्या वेळात चहा उतू जावा. बोटांच्या टोकांवर तारांच्या रेघा उमटल्या, कातडी सोलली, हळूहळू घट्टे पडले. मग मी सरगम धरली. तारेखालचं एकेक घर मोजत, चुकत, पुन्हा षड्जापासून निघत. हे ऐकत असत की नुसतेच उन्हाकडे बघत असत, कळत नसे.

त्या दिवशी मी निषादाशी आले आणि बोट एक घर अलीकडे, कोमल निषादावर पडलं. मला उमगलंही नाही.

"अगं," मागून आवाज आला. "शुद्ध... नी शुद्ध."

खरखरीत, तुटका, थोडासा चिडलेला आवाज. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं तर तो उडून जाईल असं वाटलं. बोट पुढच्या घरात सरकवलं आणि तार छेडली.

"हं," हे म्हणाले.

मी तिथेच, तारांवर हात ठेवून, पोटभर रडून घेतलं.

डॉक्टर म्हणतात, अजून बराच वेळ लागेल. लागू दे. तो चुकलेला निषाद यांनी याआधीही कितीदा ऐकला असेल, आणि दर वेळी आतल्या आत मला हाक मारून पाहिली असेल. माझ्या पाठीमागे, त्या उन्हात, केवढा सराव करत बसले असतील हे एकटेच.