खरकट्याचा प्रेस

माझा दादा अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या घरी भरतो, हे मी सिंगापुरात कुणाला सांगत नसे. सांगणार काय, कपाळ? आमच्या चोआ चू कांगच्या ब्लॉकमध्ये लिफ्टसमोर सायकल उभी केली तरी नोटीस चिकटते. तिथे माझा सख्खा भाऊ दर शनिवारी क्लबात नेम मारायला जातो, उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या डबाभर वेचून आणतो आणि गॅरेजात बसून त्या पुन्हा भरतो, हे कळलं असतं तर शेजारीण लिंबू मागायलासुद्धा आली नसती. तिकडे टेक्सासात ते सगळं कायद्यानं चालतं. दादा कॉम्प्युटरवाला माणूस, मुंगी मारताना डोळे मिटणारा, पण हा नाद त्याला लागला तो लागलाच.

त्याच्या गॅरेजातल्या टेबलाला दोन प्रेस, म्हणजे दांडा ओढून दाबायची यंत्रं, बोल्टनं आवळलेले होते. मोठा प्रेस गोळी भरायचा. त्याला दादाशिवाय कुणी हात लावायचा नाही. दुसरा लहान, जुना, रंग उडालेला, आणि तो फक्त पितळेसाठी. वापरलेली पुंगळी त्यात उभी करायची आणि दांडा खाली ओढायचा. बुडाला बसवलेली जळकी टोपी टक्कन गळून खालच्या बाटलीत पडायची आणि फुगलेली पुंगळी पुन्हा मापात यायची. त्याबरोबर काजळी गळायची, बोटं काळी व्हायची. मी दादाला विचारलं, "दोन यंत्रं कशाला? एकावरच कर की सगळं." तो म्हणाला, "ही घाण तिकडे गेली तर भरताना माप चुकतं. म्हणून पितळेचा वेगळा."

आई बाजूला खुर्ची टाकून बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे हा खरकट्याचा आणि तो सोवळ्याचा."

ज्यानं वीस वर्षांत जानवं घातलं नव्हतं तो माझा भाऊ गंभीरपणे म्हणाला, "अगदी बरोबर." तेव्हापासून त्या लहान प्रेसला आमच्यात तेच नाव पडलं. जूनच्या सुट्टीत आम्ही गेलो की खरकट्याचा प्रेस माझा आणि माझ्या मुलाचा. तो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. पुंगळी मी लावायची, दांडा त्यानं ओढायचा. दुपारच्या दुपार जायच्या त्यात. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांशी डोकं फोडणारी मी, तिथे बसले की डोकं रिकामं व्हायचं. खोटं कशाला बोलू, मला ते काम फार आवडायचं.

पुंगळ्या घासायला दादाकडे घरघर करणारं एक यंत्र होतं. आईला ते बघवेना. "पितळेला वीज कशाला जाळायची?" म्हणून तिनं चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि अंगणातल्या नळाशी बसून दोन दुपारी सगळ्या पुंगळ्या देवाच्या भांड्यांसारख्या लखलखीत केल्या. दादानं हात जोडले. आईशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या खानदानात नाही.

त्यातली एक आईनं ठेवून घेतली. जाड, आखूड पुंगळी होती. टोपी निघाली की बुडाला मधोमध बारीक भोक राहतं. आईनं पुंगळी उपडी केली आणि त्या भोकात उदबत्तीची काडी खोचली. काडी अशी बसली की जणू मापच घेतलं होतं. "दहा उदबत्तीदाण्या झाल्या माझ्या, एकही धड नाही. ही बघ," ती म्हणाली.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडेच राहायची. टेक्सासहून निघताना मी तिला म्हणाले, "आई, हे नको न्यायला. सिंगापूर आहे ते. तिथे हे चालत नाही."

"रिकामं नळकांडं आहे. त्याचं कोण काय करणार?"

मी तापट बाई. ऑफिसात माझ्या आवाजानं पोरं दचकायची. पण आईपुढे माझं भिजलेलं मांजर होतं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा आणि ती पुंगळी एकाच डब्यात बसून सिंगापूरला आली. सगळं पितळच, कुणी विचारलं नाही. देवघरात तांदळाच्या वाटीत ती उपडी उभी राहिली आणि पाच-सहा वर्षं तिच्यावर रोज उदबत्ती जळली. मला ती रोज दिसायची. कधीही उचलून कुठेतरी टाकता आली असती. नाही टाकली. नंतर तर ती पुंगळी आहे हेच मी विसरून गेले.

मुलगा अठराचा झाला. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, त्यामुळे त्याला दोन वर्षं लष्करात जाणं भाग होतं. बाकीची पोरं तोंड वाकडं करून जातात. ह्याला मात्र ऑफिसर व्हायचं होतं. लहान चणीचा मुलगा, शाळेत बेंचच्या टोकाला बसणारा. पण वर्षभर आधीपासून पाठीवरच्या बॅगेत दहा किलो तांदळाची पिशवी घालून तो आमच्या ब्लॉकचे पंधरा मजले चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. तेच तांदूळ मग आम्ही खायचो. पहिल्या काही आठवड्यांच्या ट्रेनिंगमध्ये जे चमकतात त्यांना पुढे ऑफिसरच्या कोर्सला पाठवतात, एवढं त्यानं मला दहा वेळा समजावलं होतं. स्वतःहून त्यानं मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

गोळीबाराचा आठवडा आला. शनिवार-रविवार घरी राहून रविवारी संध्याकाळी तो गेला. सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघताना देवघरात पाहिलं तर उदबत्ती बटाट्यात खोचलेली.

"आई, उदबत्तीदाणी कुठाय?"

"ती गेली नातवाबरोबर," आई फुलं वाहता वाहता म्हणाली. "इतकी वर्षं देवापुढे होती. तिच्यात अंगारा भरला, भोकाला आणि तोंडाला मेण लावलं, खणाच्या तुकड्यात शिवली आणि त्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली. आता बंदुका हातात घेणार ना तो. बंदुकीला बंदुकीचंच राखण बरं."

मी तिथेच स्टुलावर बसले. मुलानंच मला सांगितलं होतं की गोळीबार संपला की तिथे प्रत्येक पुंगळी परत घेतात, एक जरी कमी भरली तरी सगळ्यांना थांबवून शोधतात, आणि प्रत्येकाला मोठ्यानं सांगावं लागतं की माझ्याकडे काही नाही. आईला हे कसं सांगणार होते मी? सांगून होणार काय होतं? बॅग तर केव्हाच गेली होती.

ऑफिसातून मी त्याला फोन लावत राहिले. बंद. गोळीबाराच्या आठवड्यात फोन काढूनच घेतात, मला माहीत होतं, तरी लावत राहिले. मेसेज लिहिला आणि पुसला, कारण असलं काही लिहूनसुद्धा ठेवायची भीती वाटली. नवरा त्या आठवड्यात हाँगकाँगला होता. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कॅम्पला फोन कर." कॅम्पला फोन करून काय सांगू, की माझ्या मुलाची बॅग तपासा? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चार दिवस मी घरात आईवर एका शब्दानं चिडले नाही, आणि त्यामुळेच तिला संशय आला. "बरं नाही का तुला?" ती विचारायची आणि आलं घालून चहा करून द्यायची.

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या फोनवर एका अधिकाऱ्याचा फोन आला. फार सभ्य आवाज. गोळीबारानंतर एक पुंगळी कमी भरली, सगळ्यांच्या बॅगा उघडल्या, असं त्यानं सांगितलं. हरवलेली पुंगळी दुसऱ्याच कुणाच्या तरी दुमडलेल्या बाहीत सापडली. पण तोवर माझ्या मुलाच्या बॅगेत एक वेगळीच पुंगळी मिळाली होती. आमच्याकडची नव्हे, तो म्हणाला, पिस्तुलाची, परदेशातली. आणि आत करड्या रंगाची पूड.

"तुमचा मुलगा म्हणतो, लहानपणी अमेरिकेत मामाकडे गेलो होतो तेव्हा मीच आठवण म्हणून माझ्या बॅगेतून आणली, घरात कुणाला माहीत नव्हतं. आणि पूड ही प्रार्थनेची राख आहे, तीही मीच भरली. हे बरोबर आहे का, मॅडम?"

माझ्या टेबलासमोर काचेपलीकडे माणसं बसलेली. मला कळलं की मुलानं आजीला बाजूला काढून स्वतःला पुढे केलंय. आता मी खरं बोलले तर तो खोटारडा ठरणार आणि पोलीस घरी येणार. आईला इथे व्हिजिट पासवर राहायला मिळालं होतं, दर वेळी तो वाढवून घ्यावा लागायचा. सत्तरी उलटलेली बाई, इंग्रजी येत नाही, तिला कुठल्या खोलीत बसवून काय विचारतील? आणि खोटं बोलले तर सगळा भार त्याच्या एकट्यावर.

"हो, बरोबर आहे," मी म्हणाले.

"तुमचा मुलगा फार धार्मिक आहे का?"

बाराव्या वर्षापासून ज्यानं देवघराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, आरतीला उभं राहा म्हटलं की ज्याला टॉयलेट लागायची, त्या मुलाबद्दल मी म्हणाले, "हो. लहानपणापासूनच."

त्यानं आभार मानले. पूड तपासायला पाठवली आहे, काही लागलं तर कळवू, असं म्हणाला. मी फोन ठेवला आणि समोरची बेरीज तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळी आली.

राख ही राखच निघाली. मुलाला काही दिवस बंदीत ठेवलं आणि पुढचे सगळे शनिवार-रविवार कापले. तो घरी आला तेव्हा जवळजवळ दीड महिना उलटला होता. मी त्याला ब्लॉकच्या तळाशी, मोकळ्या व्हॉइड डेकवरच गाठलं, वर आईच्या कानावर जायला नको म्हणून. गाल बसले होते. मी रागानं म्हणाले, "रविवारी कॅम्पात बंकवर गेल्यागेल्याच तुला सापडली होती ना ती? मग फेकली का नाहीस? कचऱ्याचा डबा नव्हता तिथे?"

तो दगडी टेबलावरच्या बुद्धिबळाच्या चौकोनांवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "आजीचा अंगारा होता, मा. कचऱ्यात कसा टाकायचा? कॅन नॉट लाह."

मला रडू आलं आणि त्याच्यासमोर यायला नको होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर तो थोडा बाजूला सरकला, मोठी मुलं सरकतात तसा. "आजीला सांगायचं नाही," तो म्हणाला. "प्रॉमिस कर." मी केलं.

ऑफिसर कोर्सची यादी लागली तेव्हा त्यात त्याचं नाव नव्हतं. कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही आणि विचारण्याची सोय नव्हती. कदाचित तसंही आलं नसतं. त्याला स्टोअरमध्ये टाकलं. दोन वर्षं त्यानं ब्लँकेटं, पाण्याच्या बाटल्या आणि बूट वाटले आणि मोजून परत घेतले. बॅगेत तांदूळ घालून जिने चढणं बंद झालं. तांदळाची पिशवी आता सरळ डब्यात रिकामी व्हायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते मला त्या दोन वर्षांत कळलं.

आई मात्र खुशीत होती. फोनवर पुण्याच्या मावशीला सांगायची, "अगं, कसलं ऊन नाही, पाऊस नाही. पोरगा सावलीत बसून काम करतो. बाकीच्यांची पोरं चिखलात लोळतायत. अंगाऱ्यानं राखलं हो त्याला." मुलगा शेजारी बसून जेवत असायचा. पुढची पोळी मागायचा.

तो लष्करातून सुटल्यावर जूनमध्ये आम्ही सगळे दादाकडे गेलो. दादाला मी सगळं फोनवर सांगितलं होतं. त्यानं पुंगळ्यांचे डबे वरच्या फळीवर ठेवून दिले होते, पण आईनं खाली काढायला लावले, चिंच भिजवली आणि बसली घासायला. मी सवयीनं खरकट्याच्या प्रेसपाशी बसले. हाताला काम हवं होतं. पुंगळी लावायची, दांडा ओढायचा. मुलगा गॅरेजच्या दारात उभा होता, आत येत नव्हता.

आईनं त्यातली एक नीट पुसून उन्हात धरली, फुंकर मारली आणि त्याला हाक मारली. "घे रे. आता नोकरीला लागशील, बॅगेत ठेव. मागचीनं बघ कसं सांभाळलं तुला. राख मी सिंगापूरला गेल्यावर भरून देते."

त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. "थँक यू, आजी," म्हणाला आणि वाकून तिच्या पाया पडला. आईचे डोळे भरून आले. मग तो आत आला, माझ्या पाठीमागे थांबला आणि ती पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली.

"तू परत ठेव, मा," तो हळूच म्हणाला. "मला नाही जमत टाकायला."

आई दारातून बघत होती, म्हणून मीही ती पुंगळ्यांच्या डब्यात टाकू शकले नाही. ती प्रेसमध्ये उभी केली आणि दांडा ओढला. तिची टोपी आधीच निघालेली होती, त्यामुळे खाली काहीच पडलं नाही.