‘नॉट बॅड’चं मराठी

माझी कॉलेजातली रूममेट आणि तिचा नवरा विंचूरजवळ वाईन बनवतात. द्राक्षबाग त्यांची स्वतःची, कारखाना लहानसा, आणि कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. पांढरी वाईन त्याची, लाल तिची. नाशिकहून मी अधूनमधून त्यांच्याकडे जाते. त्या दिवशी मात्र मला मुद्दाम बोलावलं होतं. इंग्लंडहून एक खरेदीदार येणार होता आणि त्यांना दुभाषी हवी होती.

इंग्रजी दोघांनाही येतं, कामापुरतं बोलताही येतं. पण “गोऱ्यांचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात असतं, ताई,” असं दाजींचं म्हणणं. मैत्रिणीच्या नवऱ्याला मी दाजी म्हणते. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे एक वर्ष इंग्लंडात राहून आले आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

त्या वर्षात जे शिकले ते मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. शेजारच्या बाई ओळख झाल्या झाल्याच म्हणाल्या होत्या, “तुम्ही एकदा आमच्याकडे जेवायला यायलाच हवं.” मी विचारलं, “कोणत्या दिवशी?” बाई लाल झाल्या. ते वाक्य निरोप घेण्याचं होतं, आमंत्रण नव्हतंच. मग हळूहळू कळत गेलं. तिथे एखादी गोष्ट ‘इंटरेस्टिंग’ असली की बहुतेक वेळा ती आवडलेली नसते. ‘क्वाइट गुड’ म्हणजे जेमतेम. आणि ‘विचार करतो’ म्हटलं की विषय संपला. नाही म्हणण्याचे इतके मऊ प्रकार त्या लोकांनी करून ठेवलेत, की नाही ऐकल्याचं माणसाला घरी गेल्यावर कळतं.

खरेदीदार आला. पन्नाशीचा, उंच, फार नम्र. बाग बघून झाली आणि आम्ही टेबलाशी बसलो. दाजींनी आधी पांढरी ओतली. लाकडी पिंपात बरेच महिने ठेवलेली. त्यांचा तिच्यावर फार जीव होता. पाहुण्याने वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या भांड्यात थुंकला. ते थुंकणं या धंद्यात रीतीचं असतं, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही.

“व्हेरी इंटरेस्टिंग,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “अ ब्रेव्ह वाईन.”

“धाडसी म्हणतोय ना?” दाजींनी मला विचारलं.

“हो, धाडसी.”

शब्दाला शब्द बरोबर होता. दाजींचा चेहरा उजळला आणि त्यांनी पाहुण्याचा ग्लास पुन्हा भरला. त्याने आभार मानले. ग्लासाला हात लावला नाही.

मग मैत्रिणीने लाल ओतली आणि ती मागे सरून उभी राहिली. पाहुण्याने एक घोट घेतला, गिळला, खिडकीबाहेर बघत दुसरा घेतला.

“नॉट बॅड,” तो म्हणाला. “नॉट बॅड ॲट ऑल.”

“वाईट नाही म्हणतोय,” मी बोलायच्या आत दाजीच म्हणाले आणि बायकोची समजूत घालत पुढे म्हणाले, “असू दे. पुढच्या वर्षी सुधारू.”

तिने मान हलवली. पाहुण्याने आणखी थोडी लाल मागितली.

ती चिवडा आणायला आत गेली, मीही मागोमाग गेले.

“खरं सांग,” ती म्हणाली, “वाईट नाय म्हणतो आन मागून मागून पितो. हे काय आहे?”

मी सांगितलं. त्यांच्याकडे कौतुक असंच करतात आणि नापसंती ‘इंटरेस्टिंग’ नाहीतर ‘ब्रेव्ह’ म्हणून सांगतात. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने बशीत चिवडा काढला आणि विचारलं, “म्हणजे पांढरी नाय आवडली?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही. लाकडाचा वास फार आला असेल.”

“यांना सांगू नको,” ती म्हणाली. “मी बघते.”

बाहेर व्यवहाराचं बोलणं सुरू झालं. लाल वाईन न्यायला आपल्याला फार आवडेल, पांढरीही आपण जरूर लक्षात ठेवू, असं पाहुणा म्हणाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मैत्रीणच बोलली.

“अहो, ते म्हणतायत, आधी लाल नेऊन बघतो. पांढरीला तिकडं वेगळं गिऱ्हाईक शोधावं लागंल, तर ती सावकाश.”

पाहुणा असं काहीच म्हणाला नव्हता. मी चिवड्याची बशी त्याच्यापुढे सरकवली.

“बरोबर आहे,” दाजी म्हणाले. “पांढरी समजायला माणूस तसा लागतो.”

मग पाहुण्याने विचारलं, पुढच्या वर्षी लाल दुप्पट मिळेल का? दाजी म्हणाले, “बघू की.” पाहुणा माझ्याकडे वळला. ते म्हणाले ‘बघू’, पण त्याचा अर्थ ‘नाही’ असा, हे मी त्याला सांगितलं. तो पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला.

लाल वाईन गेली, थोडीच, पण गेली. गोऱ्याने आमच्या पांढरीला धाडसी म्हटलं, हे दाजी आल्यागेल्याला सांगत राहिले. एका बारशाला मी ते स्वतः ऐकलं. मैत्रीण शेजारीच बसली होती, ती बाळाचं टोपरं नीट करत राहिली.

पुढच्या हंगामात मी गेले तेव्हा अंगणात पांढऱ्या द्राक्षांचे क्रेट उतरत होते. दाजी हात पुसत आत आले आणि बायकोला म्हणाले, “यंदा पांढरीचं तू बघ.”

“मी? का?”

“मला दगदग होते आताशा.”

दगदग होते म्हणणारा हा माणूस लालसाठी नवी बाग लावायची म्हणून सकाळपासून उन्हात खड्डे खणून घेत उभा होता. तिने पुन्हा विचारलं नाही. लाकडी पिंपं धुऊन बाजूला लावायला सांगितली आणि त्या वर्षीची पांढरी स्टीलच्या टाकीतच ठेवली. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मी संध्याकाळच्या बसने नाशिकला परत आले.