नळीवरचा गंज

मी शिकलो सातवीपर्यंत. पुढचं सगळं फौजेत, हत्यारं दुरुस्त करणाऱ्यांत. शेवटची पोस्टिंग जयपूरला होती. पोरगा इथल्याच कॉलेजात रमला, म्हणून पेन्शन झाल्यावर साताऱ्याकडं परत गेलो नाही. शहरातल्या राजा पार्क भागात लायसनवालं एक बंदुकीचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत मी रायफलींना रंग चढवायचं काम धरलं. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील.

रंग म्हणजे डब्यातला रंग नव्हे. पोलादाची नळी घासून आरशासारखी करायची, मग खाराच्या उकळत्या पाण्यात बुडवायची. निळसर काळी होऊन बाहेर येते. दिसायला देखणी, आणि गंजही लवकर धरत नाही. लाकडाच्या दस्त्याला जवसाचं तेल. ते फडक्यानं लावून भागत नाही. थेंबभर तळहातावर घ्यायचं, लाकूड गरम होईस्तोवर चोळायचं, वाळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. महिना महिना चालतं.

माझे हात खाराच्या पाण्यानं फाटलेले. म्हणून दस्ते मी घरी न्यायचो आणि बायको चोळायची. नुसत्या लाकडाला लायसन लागत नाही. डाळ शिजेपर्यंत ओट्याशी बसून चोळत राहायची. म्हणायची, "पोराला लहानपणी एवढं तेल लावलं असतं तर पैलवान झाला असता." तिच्या हातची चकाकी मला कधी आली नाही. हे तिला बोलून दाखवलं नाही.

चाकसूकडच्या एका ठाकूरसाहेबांनी आपल्या मापाची रायफल बनवून घेतली होती. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत मांडायची होती. तिचा दस्ता बायकोनं सव्वा महिना चोळला. बसवायच्या दिवशी स्वतः दुकानात घेऊन आली, आणि मी स्क्रू आवळत असताना तिनं नळीचं टोक धरलं. मग रायफल आठवडाभर कपाटात होती. ठाकूरसाहेब न्यायला आले, कपाट उघडलं, तर नळीच्या टोकाला, नेम धरायची माशी असते तिथं, तांबूस ठिपके.

काही माणसांच्या घामानं पोलाद गंजतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी पुढचा मागचा विचार केला नाही. बायको माझा जेवणाचा डबा घेऊन आलेली, तिथंच उभी होती.

"हिनं धरली होती. हिच्या हातालाच गंज आहे." हे मी हिंदीत बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून.

"अवो, हात पुसला होता की मी," ती म्हणाली.

"पुसून काय होतंय? घाम आतनं येतो."

ठाकूरसाहेब हसले. "फौजीजी, भाभीजी के हाथ में तेज़ाब है क्या?" दुकानमालकही हसला. तीही पदर तोंडाला लावून हसली. डबा ठेवला आणि गेली.

ठिपके घासून मी रंग जुळवून दिला. रायफल दसऱ्याला पोचली.

त्यानंतर तिनं दस्ता चोळला नाही. लाकडाला काही होत नाही म्हटलं, तरी नाही. पुढं पुढं किल्ल्या, कपाटाची कडी, स्कूटरचं हँडल पदरानं धरायला लागली. आधी चेष्टेनं, "गंज चढंल बाई," म्हणत. मग न बोलता.

दिवाळीनंतर दुसरी एक नळी तशीच निघाली. त्याच जागी ठिपके, आणि या नळीला तर माझ्याशिवाय कुणी शिवलं नव्हतं. माशी उचकटली. खाली सांध्यात पांढरा खार बसलेला. नळी बुडवून काढली की सांधे साध्या उकळत्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचे असतात. दुकानाच्या नळाला पाणी सकाळी तासभर यायचं, आणि मी एका बादलीत भागवत होतो. गंज माझा होता.

दुसऱ्या दिवसापासून दोन बादल्या जास्त भरल्या. काम नीट निघायला लागलं. तिला सांगितलं नाही. सगळी उमर हत्यारांत गेलेला माणूस मी, बायकोपुढं चुकलो कसं म्हणू? एकदा चहा देताना तिनंच विचारलं, "आता येत नाही ना गंज?"

"नाही."

"मी येत नाही ना आता, म्हणून."

मी चहा पिऊन टाकला आणि चपला घातल्या.

चार वर्षांनी ती आजारी पडली. तोवर पोराचं लग्न झालं होतं. शेवटी शेवटी एकदा मी तिचा हात हातात घेतला, तर काढून घेत म्हणाली, "सोडा, तुम्हाला गंज लागंल." सून हसली. मीही हसलो. सून बाहेर गेली की सांगू, म्हटलं. सून गेली तोवर हिचा डोळा लागला. पुढं बोलण्यासारखी राहिलीच नाही.

ती गेली त्याच वर्षी, दसऱ्याच्या आधी, ठाकूरसाहेब तीच रायफल घेऊन आले. धरायच्या जागी नळीचा रंग विटला होता. दस्ता हातात घेऊन म्हणाले, "लकड़ी किसने की थी, फौजीजी? ऐसी चमक अब कौन देता है?"

"मेरी घरवाली ने. और साहब, वो जो ज़ंग लगा था, वो मेरी गलती थी. उसके हाथ की नहीं."

ठाकूरसाहेबांना तो गंज आठवेना. "कौनसा ज़ंग?"

दुकानमालकालाही आठवत नव्हतं. मी पहिल्यापासून सांगायला लागलो, ती डबा घेऊन उभी होती तिथपासून. दोघांनी ऐकून घेतलं. मग ठाकूरसाहेबांनी घड्याळ बघितलं.

मी नळी सोडवली. दस्ता फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला. त्याला काही करायची गरज नव्हती.